कळव्याचा जुना दगडी पूल मुलांना दाखवायचाय. कुठून दाखवू, कधी दाखवू?

चित्रकलाताई, खारेगाव

नमस्कार मंडळी. मी कळव्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीच्या वर्गाला ‘पूल’ हा विषय दिला की सगळ्या कागदांवर एकच पूल उतरतो. दोन डोंगर, मधून निळी नदी, वर अर्धी बांगडी, बाजूला नारळाचं झाड. आणि ही मुलं राहतात कुठे? विटावा, खारेगाव, मनीषा नगर. ठाण्याला क्लासला जायचं तरी खाडी ओलांडल्याशिवाय सुटका नाही. लोकलने जा, टीएमटीने जा, रिक्षाने जा, पुलावरून जावंच लागतं. पण खाडीचं पाणी निळं नसतं, हे अजून एकाच्याही कागदावर आलेलं नाही.

म्हणून एका रविवारी सकाळी वर्गच तिकडे न्यायचा विचार आहे. पॅड, पेन्सिल, पाण्याची बाटली, बस. मुख्याध्यापकांचा होकार आहे, दोन पालक सोबत यायला तयार आहेत.

आता प्रश्न. कळवा नाक्याकडून ठाण्याला जाताना शेजारी दिसतो तो ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल वाहनांना बंद आहे, एवढं माहीत आहे. त्याच्या कमानी नीट दिसतील अशी जागा कोणती? मुलांना बसून काढता यायला हवं, रहदारीत उभं राहून नको. दुसरं म्हणजे भारतातला पहिला रेल्वे पूल ठाण्याच्या खाडीवर झाला असं आपण शाळेपासून ऐकतो. तो नेमका कोणता आणि त्याबद्दल मुलांना खात्रीने काय सांगता येईल? गुगलवर एकाच फोटोखाली तीन तीन नावं आहेत, त्यामुळे त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलंय. तिसरं, भरती-ओहोटीचं गणित मला अजिबात जमत नाही.

आणि एक चौथा प्रश्न माझा नाही, आठवी ‘ब’ मधल्या एका मुलाचा आहे. तो म्हणाला, “बाई, त्यावरून गाडी जात नाही तर तो काळा पूल ठेवलाय कशाला?” वर्ग हसला. पण मला त्याला खरं उत्तर द्यायचंय. ‘आपला वारसा’ वगैरे भाषण त्याला पुरणार नाही, मी ओळखते त्याला.

शेवटचा डबा

कल्याणकडे जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये डाव्या दाराशी उभं राहायचं. ठाणं सुटलं की लगेच खाडी लागते आणि लांबवर रस्त्याचे पूल ओळीने दिसतात. फुकट दर्शन. मुलांना मात्र दारात उभं करू नका.

बाकी तुमच्या त्या मुलाचं मला पटलं. पाडा आणि तिथे चार लेन टाका. सकाळी साडेनऊला कळवा नाक्यावर उभे राहा, वारसा कुठल्या कुठे पळतो.

निवृत्त ओव्हरसिअर, पाचपाखाडी

ताई, विषय छान घेतलात. नोकरीची बरीच वर्षं खाडीवरच्या पुलांच्या पोटाखाली गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी त्या आठवी ‘ब’च्या साहेबांचं उत्तर. त्याला म्हणावं, १९७३ पर्यंत मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचं तर वाट कुठून होती ते घरी आजोबांना विचार. वाशीचा पूल नव्हता, नवी मुंबई कागदावर होती. ठाणं, कळवा, मुंब्रा, शीळ फाटा, पनवेल आणि मग खंडाळ्याचा घाट, हा रस्ता. म्हणजे ज्या कळव्याच्या पुलाला आपण आज ‘गल्लीतला पूल’ समजतो, त्याच्या पाठीवरून मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक जात होती. त्यात साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, केमिकलचे टँकर आले, पत्रे आणि सळया लादलेले दहा चाकी ट्रक आले. आणि पूल बांधला होता कशासाठी? बैलगाड्या, टांगे आणि फार तर लष्कराच्या सामानाच्या गाड्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी तो बांधला त्यांनी डिझेलचा ट्रक स्वप्नातही पाहिला नव्हता. तरी त्याने ते ओझं पेललं. हे उत्तर त्याला पटेल असं वाटतं. पोरांना वजनाच्या गोष्टी आवडतात.

तो ठेवायचा कशाला, याचं माझं उत्तर मात्र जरा वेगळं आहे. खाडीत पूल कसा टिकतो आणि कसा मरतो हे एकाच जागी उभं राहून शिकायचं असेल तर अशी शाळा दुसरी नाही.

दगडी कमानीत लोखंड नसतं. सगळा खेळ दाबाचा. माथ्यावरचं वजन कमानीच्या चिऱ्यांतून दोन्ही बाजूंना उतरतं आणि खाली उतरताना बाहेर रेटा देतं. मधल्या खांबावर डावीकडची कमान उजवीकडे ढकलते, उजवीकडची डावीकडे, दोघींचं भांडण खांबावर मिटतं. टोकाच्या कमानीला मात्र पलीकडून ढकलणारं कोणी नसतं, म्हणून काठावरची भिंत भक्कम आणि रुंद ठेवावी लागते. चित्र काढताना मुलं टोकं नेहमी कागदाबाहेर घालवतात. त्यांना सांगा, टोकं काढाच. पुलाचा जीव तिथे आहे.

खाऱ्या हवेत दगडाला फारसं काही होत नाही. आपला काळा दगड तर ज्वालामुखीतून आलेला, समोर पारसिकचा डोंगरही त्याच जातीचा. मीठ खातं ते लोखंडाला. काँक्रीटच्या पुलात सळई आत लपलेली असते. मीठ सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपतं, सळईपाशी पोचलं की गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीटला तडे देतं. मग पोपडे सुटतात, सळई उघडी पडते, आणि एकदा उघडी पडली की पुढचं भराभर होतं. वाशीचा पहिला पूल १९७३ ला सुरू झाला, जवळपास पावणेदोन किलोमीटरचा, त्या काळी केवढं कौतुक होतं त्याचं. पंचवीस वर्षांच्या आत त्याच्या शेजारी दुसरा उभा करावा लागला, १९९७ ला. पहिल्याच्या आतल्या ताणलेल्या तारांना खाडीची हवा बाधली. आता तिसरा झालाय. कळव्याला पण तेच, दुसरा पूल नव्वदच्या दशकातला, तिसरा २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आमच्या धंद्यात खाडीवरचा काँक्रीटचा पूल म्हणजे म्हातारपणासकट जन्मलेलं मूल.

पण म्हणून दगडी पूल अमर असतो असं मुलांना सांगू नका. त्याचे शत्रू वेगळे. पहिला शत्रू पिंपळ. पक्षी बी टाकतो, दोन चिऱ्यांच्या दरजेत ते रुजतं, कोणी लक्ष देत नाही. चार पावसाळे गेले की मूळ मनगटाएवढं होतं आणि चिरा जागचा हलवतं. वरून फांदी छाटून उपयोग नाही, मूळ मारावं लागतं आणि दरज पुन्हा भरावी लागते. दुसरा शत्रू पाणी, पण खालचं नव्हे, वरचं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळी तुंबल्या की कमानीच्या भरावात उतरतं आणि दरजांतला चुना धुऊन खाली आणतं. कमानीच्या पोटावर पांढरे ओघळ दिसले तर ती रंगाची गळती नाही, तो पुलाचाच चुना आहे. दुर्बीण असेल तर घेऊन जा आणि मुलांना ते ओघळ शोधायला लावा. तिसरा शत्रू पायाखालची माती सरकणं. त्याबद्दल खाली लिहितो.

दरजा भरताना आमच्या लोकांनी जागोजागी सिमेंट थापलं, ही माझी जुनी तक्रार आहे. चुना मऊ असतो, श्वास घेतो, थोडी हालचाल सहन करतो. सिमेंट ताठ. पाणी आत कोंडतं आणि मग दगडाचीच कड उडते. जुने गवंडी चुन्यात सुरकी घालायचे, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, आणि बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाण्यात दिवसभर मळायचे. तो चुना ओलाव्यातही घट्ट होतो. आज सुरकीचा चुना मागवला तर ठेकेदार आपल्या तोंडाकडे बघतो.

पुलाला कुलूप का लागलं? भीती आली सावित्रीमुळे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस त्याच्याबरोबर गेल्या. त्यानंतर राज्यभर ब्रिटिशकालीन पुलांकडे सगळ्यांनी संशयाने बघायला सुरुवात केली, आणि ते योग्यच होतं. कळव्याच्या पुलावर अवजड वाहनं त्याआधीच बंद झाली होती, मग उरलेलीही बंद झाली. लोक म्हणतात उगाच बंद केला. मी म्हणतो, बंद केला ते बरंच झालं, बंद करून विसरला ते वाईट. वाहतूक नसलेल्या पुलाकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि पिंपळाला तेच हवं असतं.

आता रेल्वे. खात्रीचं तेवढंच सांगतो. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली, खाडीच्या अलीकडे. पलीकडे जायला आणखी वर्ष लागलं. १ मे १८५४ ला रूळ कल्याणपर्यंत पोचले, आणि त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधले गेले. ‘पूल’ नाही, ‘पूल’ अनेकवचनी. खाडीच्या मधे बेट आहे ना, तिवरांचं, त्याच्या दोन अंगांना दोन. एक १११ यार्डांचा, दुसरा १९३ यार्डांचा. बाकी दगडी कमानी, आणि गलबतं जायची त्या मुख्य प्रवाहावर मात्र ८४ फुटांचा लोखंडी गाळा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचं हे काम. पुढे भोर घाटाची आखणीही त्यांचीच. त्या वेळी लोहमार्ग पारसिकच्या डोंगराला मुंब्र्याकडून वळसा घालून जायचा. डोंगराच्या पोटातून सरळ जाणारा पारसिकचा बोगदा खूप नंतरचा, १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब.

आज मात्र तिथे पूलच पूल आहेत. कल्याणच्या मार्गिका, मग २००४ ला सुरू झालेली ठाणे-वाशी मार्गाची लाइन, मग ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी. रेल्वेच्या बाबतीत मुलांना एखाद्या खांबाकडे बोट दाखवून ‘हाच तो’ असं सांगू नका. जागा तीच, वाट तीच, एवढं पुरे आहे.

बसायची जागा: जुन्या पुलावर चढू नका, कठड्याचा भरवसा नाही. शेजारच्या पुलाच्या फुटपाथवरून वरचं अंग दिसतं. कमानीचं पोट बघायचं तर कळव्याच्या काठावर उतरावं लागेल. तिथलं एखादा स्थानिकच नीट सांगेल. आणि तिथून उत्तरेकडे बघितलंत तर नाशिक महामार्गाचा साकेतचा पूल दिसतो. एकाच नजरेत दीडशे वर्षं.

चेंदणीकर

ओव्हरसिअर साहेबांनी पुलाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. आमचं घर चेंदणी कोळीवाड्यात, आजोबा-पणजोबा याच खाडीत पाग टाकायचे. आता धंदा राहिला नाही फारसा, पण पाणी कळतं.

ताई, गणित सोपं आहे. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. शुद्ध असो की वद्य, मोजायची रीत तीच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला-अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीपासून सव्वासहा तास मागे या, ओहोटी. हे झालं मुंबई बंदराचं. ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, खाडीचं टोक आहे ना, म्हणून थोडं पुढे धरा.

तुम्ही पंचमीचा रविवार धरा. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला भरती आणि सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी. मुलांना नऊला नेलंत की पाणी उतरताना दिसेल आणि खांब तळापर्यंत उघडे होतील. खांबांवर एक रेघ दिसेल, त्या रेघेच्या खाली कालवं आणि शेवाळ, वर कोरडा दगड. ती भरतीची रेघ. चित्रात ती आली की समजायचं पोराने बघून काढलंय. चिखलात बारीक बारीक उड्या मारताना दिसतील त्या निवट्या. पाण्यात पण जगतात, बाहेर पण. मुलं पूल सोडून तेच काढत बसतील, आधीच सांगून ठेवतो.

अमावास्या-पौर्णिमा टाळा. उधाणाला पाणी फार वर येतं आणि जोरात येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत, खांब नीट उघडे होत नाहीत. पंचमी मधली आहे, बरी.

आणखी एक गंमत मुलांना सांगा. ठाण्याच्या खाडीत पाणी दोन बाजूंनी येतं. एक मुंबई बंदराकडून, वाशी-ऐरोलीवरून वर. दुसरं वसईकडून, उल्हासच्या मुखातून, घोडबंदर-कोलशेतवरून. दोन्ही पाण्यांची गाठ ठाण्याच्या वरच्या अंगाला पडते. म्हणून साष्टी हे बेट आहे, आपण बेटावर राहतो हे ठाणेकर विसरलेत. आमच्यातले जुने लोक होडी कुठून कुठे सोडायची ते या दोन पाण्यांवरून ठरवायचे, भरतीबरोबर वर जायचं आणि पलीकडच्या ओहोटीबरोबर खाली उतरायचं. वल्हं मारायचं काम निम्मं.

काठावर खाजणात उतरू देऊ नका कोणाला. वरून घट्ट दिसतं, गुडघ्यापर्यंत पाय जातो. कळव्याच्या बाजूला विसर्जनासाठी जिथे पायऱ्या केल्यात तिथे बसवा. पायऱ्या खालच्या शेवाळलेल्या असतात, वरच्या धरा.

साहेब, पायाखालची माती सरकते म्हणालात आणि पुढे काही बोललाच नाहीत. ते मी बोलतो. रेतीबंदरला सक्शन पंप लावून जी वाळू उपसली, ती कुठून आली? खाडीच्या तळातून. तळ खोल गेला की पाणी खांबाच्या मुळाशी घोंघावतं. आमच्या जाळ्याला पूर्वी कुठे काय लागायचं ते पाठ होतं, मग एकेक वर्षी तळच बदलायला लागला. मासाही गेला. बोय मिळते अजून, जिताडा क्वचित.

निवृत्त ओव्हरसिअर, पाचपाखाडी

चेंदणीकर, अगदी. तेच लिहायचं होतं, जेवायची हाक आली. खांबाभोवती पाणी वळतं तिथे भोवरा होतो आणि तो माती उकरतो. नदीत हे पुराच्या वेळी होतं, खाडीत रोज चार वेळा, दोनदा आत जाताना, दोनदा बाहेर येताना. हळू, पण सुट्टी नाही. तळातली वाळू नुसती उपसली तर हा खड्डा भरून यायला काही उरत नाही. म्हणून पुलाच्या जवळ उपसा करायचा नसतो. पाण्याखालचं कोणाला दिसत नाही, ही त्यातली खरी अडचण. पाणबुडा उतरवून पाया तपासणं हे पुलाच्या तपासणीतलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम आहे. खाडीच्या पाण्यात हाताला हात दिसत नाही, पाणबुडा बिचारा चाचपून सांगतो.

निवट्यांचं मात्र खरं आहे. आमचे मुकादमही काम सोडून बघत बसायचे.

शेवटचा डबा

काका, सगळं मान्य. पण मला सांगा, बंद पूल तसाच ठेवून काय करायचं? त्यावर उद्यान करा, झाडं लावा, बाकडी टाका, संध्याकाळी दिवे सोडा. निदान लोक येतील तरी.

निवृत्त ओव्हरसिअर, पाचपाखाडी

माती आणि झाडं त्या कमानींवर? अहो, ट्रक निघून जातो, माती तिथेच राहते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन आणखी जड होते. शिवाय मुळांबद्दल वर एवढं लिहिलं ते वाया गेलं म्हणायचं.

लोकांना चालायला द्या, त्याला माझी हरकत नाही. आधी पन्हाळी साफ, पिंपळ मुळासकट बाहेर, दरजा चुन्याने भरलेल्या, पाणबुड्याचा अहवाल हातात. मग वर साधी फरशी आणि कठडा. कुंड्या नकोत, रंगीत दिवे नकोत, ‘आय लव्ह कळवा’ची लाल अक्षरं तर अजिबात नकोत. आणि चार लेनचं म्हणाल, तर शेजारी दोन पूल उभे आहेत आणि नाका अजून तुंबतो, कारण तो नाक्यावर तुंबतो, पुलावर नाही.

वाशी सेक्टर १७

आमच्याकडे पण बघायला या ताई, पुढच्या वर्गाला. रेल्वेने मानखुर्द सोडलं की खाडीवरून वाशीपर्यंत गाडी जाते तो पूल १९९२ पासून सुरू आहे, आणि गाडीतून शेजारचे रस्त्याचे पूल दिसतात. जुना १९७३ चा पूल अजून उभा आहे, बिनवाहतुकीचा. काका म्हणतात ते गंजाचं प्रकरण समजावून सांगायला त्याच्यासारखं उदाहरण नाही. आमचे वडील सांगतात, हा पूल झाला तेव्हा मुंबईचे लोक रविवारी नुसता पूल बघायला यायचे.

नोव्हेंबर ते मे दरम्यान आलात तर फ्लेमिंगो मिळतील. ऐरोलीहून वन खात्याची बोट जाते, भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, आधी विचारून या. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आला. पण पक्षी बघायला आलेली मुलं पूल काढणार नाहीत, हे गृहीत धरा.

चित्रकलाताई, खारेगाव

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी. ओव्हरसिअर काका, तुमचं कमानीच्या रेट्याचं मी वर्गात करून पाहिलं. पाच-सहा मुलांना ओळीने उभं केलं, शेजाऱ्याच्या तळहाताला तळहात लावून ढकलायला सांगितलं, आणि टोकाच्या दोघांना मोकळं ठेवलं. टोकाची दोघं लगेच मागे सरकली. मग त्यांच्या पाठीला भिंत दिली. आठवी ‘ब’चे ते साहेब टोकाला होते, त्यांना ‘काठावरची भिंत’ म्हणजे काय ते चांगलंच कळलं.

पुण्याच्या रस्त्याचं त्याने घरी विचारलं. त्याचे आजोबा लहानपणी कळव्याला पुलाजवळ राहायचे. त्यांनी सांगितलं म्हणे की रात्री ट्रक पुलावर चढला की घरातली मांडणी वाजायची, आणि दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की एकाला मागे जावं लागायचं. आता तो मुलगा पूल आणि त्यावर ट्रक काढायचं म्हणतोय. मी म्हटलं काढ. बंद पुलावर ट्रक काढायला मनाई नाही.

चेंदणीकर दादा, पंचमीचा रविवार कॅलेंडरवर शोधला, मिळाला. नऊ वाजता पायऱ्यांवर. दोन प्रश्न राहिले. चिखलाचा रंग कसा जमवायचा ते मी बघून घेईन, पण भरतीच्या रेघेच्या खालचा दगड काळा दिसतो की हिरवा? आणि विटाव्याची मुलं रेल्वेच्या पुलाखालून येतात, तो रस्ता त्या वेळी ठीक असतो ना?

चेंदणीकर

ओला असेपर्यंत काळा, ऊन लागून वाळला की शेवाळ हिरवट-पिवळं दिसतं आणि कालवं पांढरी. साडेनऊला काळा मिळेल, अकराला हिरवा. दोन्ही काढू द्या.

विटाव्याला पुलाखाली पावसाळ्यात पाणी भरतं, तेवढं सोडलं तर ठीक. पण तिथली काही मुलं वेळ वाचवायला रुळांवरून चालत ठाण्याला जातात, घरची मोठी माणसंही जातात. त्यांना आधीच बजावून सांगा की त्या दिवशी रस्त्यानेच यायचं, आणि पालकांपैकी एकाला विटाव्याच्या पुलाखाली आठ वाजता उभं करा.

निवृत्त ओव्हरसिअर, पाचपाखाडी

मीही येतो. दुर्बीण आणि सुतळीचा ओळंबा आणतो, मुलांना खांब सरळ आहे की कललेला ते लांबून बघायला शिकवू. चहा मात्र कळवा नाक्यावरचा, माझ्याकडून.